इंदूरची वेळ आणि आतोबांचा अंतरपाट

सरकारशी उभा जन्म भांडून शेवटपर्यंत जागचा न हललेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. लोक सरकारशी जमिनीवरून भांडतात, पेन्शनीवरून भांडतात. आतोबांचं भांडण वेळेवरून होतं. म्हणजे सरकारच्या कामाला वेळ लागतो म्हणून नव्हे, तर भिंतीवरच्या घड्याळात जी वेळ असते तिच्यावरूनच. सगळ्या देशाची घड्याळं ज्या सूर्यावर लावलेली आहेत तो सूर्य दूर तिकडे पूर्वेला मिर्झापूरच्या डोक्यावर येतो, आणि इंदूरच्या डोक्यावर यायला त्याला पुढे साडेसव्वीस मिनिटं लागतात, हे त्यांना तरुणपणी कुठल्याशा पुस्तकात वाचायला मिळालं. वाचलं ते वाचलं, माणूस विसरून जातो. हे विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या घरचं घड्याळ इंदूरच्या सूर्यावर चालू लागलं, आणि मल्हारगंजातल्या त्या एका घरात बारा वाजत तेव्हा बाकी भारतात बारा वाजून सत्तावीस मिनिटं झालेली असत. नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा तर त्यांच्या रागाला आणखी धार आली. "राजधानी भोपाळला नेली, हायकोर्ट जबलपूरला नेलं," ते म्हणायचे, "आणि वेळ मिर्झापूरकडून मागवायची. इंदुरात सूरज उगवतच नाही का भिया?"

आत्या बिचारी मूळची सरळ बाई. पण लग्नानंतर वर्षभरात तिला बेरीज अशी पाठ झाली की दूधवाला, शाळेची घंटा, मिलचा भोंगा, रेडिओवरच्या बातम्या, सगळ्यासाठी ती मनातल्या मनात घरच्या वेळेत सत्तावीस मिळवूनच बघायची. दुसरं घड्याळ घरात नव्हतं आणि आणायची सोय नव्हती. ती सत्तावीस म्हणायची याचासुद्धा आतोबांना त्रास व्हायचा. "साडेसव्वीस," ते दुरुस्त करायचे, "अर्धं मिनिट सरकारला फुकट कशाला देतेस?" कोणाकडे सहाला बोलावलं की ते बरोबर सहा सत्तावीसला दारात उभे, आणि यजमानांनी उशीर झाला म्हटलं की उलट त्यांनाच घाईबद्दल बोल लावायचे. एकदा उज्जैनला जायला म्हणून स्टेशनावर गेले तर गाडी निघून गेलेली. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. आतोबांनी तक्रारवही मागवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं की आजची गाडी साडेसव्वीस मिनिटे लवकर सुटली, तरी संबंधितांची चौकशी व्हावी. तिथल्या बाबूने ते वाचलं, आतोबांकडे पाहिलं आणि त्यांना बसायला खुर्ची दिली म्हणतात.

नोकरी त्यांनी संस्थानच्या वीजघरात केली, फोरमन म्हणून. संस्थान गेलं, नोकरीही यथावकाश संपली, पण हातातला पान्हा काही सुटला नाही. घराची रस्त्याकडची खालची खोली ही त्यांची प्रयोगशाळा. तिला आत्या भंगारखाना म्हणायची आणि येणारेजाणारे दुकान समजून आत शिरायचे. त्या खोलीतून जगाच्या कल्याणासाठी काय काय बाहेर पडलं ते सांगायला बसले तर माझा स्वयंपाक राहील. पहिला मान माझाच. मी तान्ही असताना आईबरोबर चार महिने आत्याकडे होते, तेव्हा आतोबांनी नळाच्या पाण्यावर हलणारा पाळणा केला. नळाखाली एक चाक, चाकाला दोरी, दोरीला पाळणा. पाणी आलं की पाळणा हले, पाणी गेलं की थांबे. पाळणा उत्तम चालला, यात वाद नाही. फक्त नगरपालिकेचं पाणी सकाळी तासभर यायचं, आणि मला तेवढाच एक तास झोपायची सवय लागली. उरलेले तेवीस तास मी घर डोक्यावर घ्यायची. आजही कुठे नळ सोडलेला ऐकला की मला जांभई येते, आणि भांडी घासताना तर फार अडचण होते.

मग त्यांनी पुरणयंत्र केलं. आत्याच्या माहेरून आलेली पायाची शिलाई मशीन होती, तिचं मोठं चाक काढून सायकलला लावलं, सायकल ओसरीत उभी केली, मागे पाटा-वरवंट्याऐवजी दोन दगडी लाटणी. होळीच्या दिवशी आतोबा सायकलवर बसून पेपर वाचत पुरण वाटायला लागले. बातमी चांगली असेल तोवर ठीक होतं. भोपाळची काहीतरी बातमी आली आणि त्यांचा पाय जोरात चालला. त्या वर्षी आम्ही पोळ्या साखरेच्या खाल्ल्या, आणि ओसरीच्या छताला मुंग्या मात्र पुढच्या दसऱ्यापर्यंत येत होत्या. चपलांची घंटाही त्यांचीच. गणपतीत आरतीला येणाऱ्यांच्या चपला चोरीला जातात म्हणून त्यांनी दारात एक पत्रा बसवला. त्यावरून चपला उचलल्या की आत घंटा वाजे. घंटेला बिचारीला चोर कोण आणि मालक कोण हे कसं कळणार? ज्याने त्याने आपली चप्पल उचलली की घंटा, आणि घंटा वाजली की आतून सगळे धावत बाहेर. पहिल्याच संध्याकाळी चार सभ्य गृहस्थ शरमेने अनवाणी घरी गेले. आतोबांचं म्हणणं, प्रयोग सफल झाला, कारण चप्पल एकही गेली नाही.

हसू येतं खरं, पण माणूस नुसता विक्षिप्त नव्हता. त्यांच्याजवळ बसलं की ते विज्ञानाबद्दल असं काही बोलायचे की हसता हसता मी गप्प व्हायची. "शोध लागतो तेव्हा लोक हसतात," ते म्हणायचे, "चालायला लागतो तेव्हा टाळ्या वाजवतात, आणि खरा कामाला येतो ना बेटा, तेव्हा विसरून जातात. आता तू बटन दाबतेस, दिवा लागतो. दिव्याला नमस्कार करतेस? वीजघरातल्या माणसाचं नाव माहीत आहे तुला? नाही ना? मतलब विज्ञान पोचलं. विसरले म्हणजे पोचलं." त्यांची हौस एवढीच होती की आपलं एक तरी यंत्र लोकांनी इतकं वापरावं, इतकं वापरावं, की ते कोणी केलं हे विसरून जावं. तशी पाळी मात्र आजवर आली नव्हती. मल्हारगंजात त्यांचं एकही यंत्र कोणी विसरलं नव्हतं.

या सगळ्यावर विश्वास ठेवणारा माणूस जगात एकच, महूचे सुभेदार. फौजेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, नुकतेच बौद्ध झालेले, आणि पोलोग्राउंडला एका कारखान्यात मोटारींची वाइंडिंग करायला येत. दर रविवारी सायकल मारत आतोबांकडे यायचे. तार गुंडाळावी तर सुभेदारांनीच, असं आतोबा सगळ्यांना सांगायचे. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या काकूंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, की हा माणूस तुमच्या पाण्याच्या माठाजवळ बसतो, चालतं का तुम्हाला? आतोबांनी खिशातून चुंबक काढला, काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा लोखंडाला ओढतो ना, तेव्हा ते कोणाच्या घरचं लोखंड आहे ते विचारत नाही. तुम्ही जरा चार दिवस ठेवा जवळ." काकूंनी तो चार दिवस देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहून.

आत्याचा धीर सुटला तो माझं लग्न ठरलं तेव्हा. तिला त्या खालच्या खोलीत शिवणाचा क्लास काढायचा होता, कधीपासूनचा. गल्लीतल्या पाच-सहा पोरी विचारून गेल्या होत्या. पण खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि मशीनचं चाक पुरणयंत्रात, पट्टा कुठल्याशा पंख्यात. नेमके तेव्हाच आतोबा नवा बेत घेऊन वर आले. भाचीच्या लग्नात स्वयंचलित अंतरपाट लावायचा. त्यांचं म्हणणं असं, की मुहूर्त गुरुजी पंचांगातून पळापळाचा हिशेब करून काढतात आणि अंतरपाट मात्र काढला जातो तो बायकांची मंगलाष्टकं संपतील तेव्हा. प्रत्येक मावशीला आपलं स्वतः रचलेलं म्हणायचंच असतं. मुहूर्त तिकडे निघून जातो आणि नवरानवरी उन्हात उभी. तेव्हा घड्याळाचा मिनिटकाटा मुहूर्ताच्या खुणेला टेकला की विजेचा चुंबक खटका ओढील, अंतरपाट सर्रकन वर गुंडाळला जाईल, वरून अक्षतांचं ताट उपडं होईल आणि भोंगा वाजेल, म्हणजे बँडवाल्यांना कळेल. मग गाऊ देत मावशांना काय गायचं ते. आत्याने सगळं शांतपणे ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "हे शेवटचं. हे चाललं तर खोली तुमची, मी पुन्हा तोंड उघडायची नाही. नाही चाललं तर खोली रिकामी आणि माझं चाक परत." आतोबा म्हणाले, "मंजूर." मी तिथेच शेंगा सोलत बसले होते, आणि दोघांपैकी कोणीही थट्टा करत नव्हतं, हे मला चांगलं कळलं. आतोबांची ती खोली गेली असती तर आतोबांचं काय उरलं असतं, हा विचार करून मला आपल्या लग्नापेक्षा त्या खटक्याचीच काळजी लागली.

आणि काळजीला कारणही होतं. माझे सासरे खांडव्याचे, रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी बघायला आले तेव्हा आधी घड्याळ बघून मग माझ्याकडे बघितलं होतं. कोटाच्या खिशात रेल्वेचं घड्याळ, आणि ते मागेपुढे झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा, म्हणजे अर्थातच सरकारी अकरा दहा. आतोबांनी आपल्या इंदूरच्या वेळेवर घड्याळ लावलं असतं तर अंतरपाट अकरा सदतीसला उठला असता, आणि सासरे तोवर वरात घेऊन खांडव्याला पोचले असते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी हातावरची मेंदी सांभाळत त्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आतोबा, एवढ्या एका दिवशी त्यांच्या वेळेवर लावा ना घड्याळ. माझ्यासाठी." त्यावर त्यांनी मला सूर्य, पृथ्वी, मिर्झापूर आणि माणसाचा स्वाभिमान यांवर अर्धा तास ऐकवलं. शेवटी पान्ह्याने डोकं खाजवत म्हणाले, "बघू." आतोबांचा 'बघू' म्हणजे नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. मी रडवेली होऊन वर आले आणि आत्याला सांगितलं. आत्याने पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले. ती कडबोळी तळत होती.

लग्न धर्मशाळेत होतं. सकाळपासून आत्याची नुसती धावपळ, हात हळदीने कोपरापर्यंत पिवळे. मांडवात बोहल्यावर दोन खांब, मध्ये गुंडाळीवर अंतरपाट, वर पत्र्याच्या ताटात तांबड्या अक्षता, आणि खांबाला घरचं ते जुनं घड्याळ. सुभेदारांनी फौजेचा एक जुना भोंगा आणून मागे बसवला होता. मी आत गौरीहरापाशी बसलेली. मुहूर्ताला चांगला अर्धा तास अवकाश होता. नवरदेव अजून कपडे करत होते. सासरे तेवढ्यात मांडवाची तपासणी करायला बोहल्यावर चढले, नवऱ्याच्या पाटावर उभे राहून पाट डुगडुगतो का ते पाहिलं, आणि खिशातलं घड्याळ काढून खांबावरच्याशी ताडून बघू लागले. समोरच्या पाटाशी आत्या वाकून रांगोळी नीट करत होती. ती कंबर धरून उभी राहिली. मध्ये अंतरपाट. सासरे म्हणाले, "हे घड्याळ पुढे," आणि पुढचा शब्द कोणी ऐकला नाही.

खटका बसला. अंतरपाट सर्रकन वर गेला. ताट उपडं झालं आणि दोन शेर अक्षता अर्ध्या आत्याच्या, अर्ध्या सासऱ्यांच्या डोक्यावर पडल्या. भोंगा असा वाजला की गल्लीतल्या गाई पळाल्या. भोंगा ऐकून बँडने सुरुवात केली, बँड ऐकून मांडवातल्या लोकांनी वर न बघता हातातल्या अक्षता फेकल्या, आणि अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं असं समजून निम्मं वऱ्हाड पंगतीकडे पळालं. बाकीचं निम्मं जागा जाईल म्हणून त्यांच्या मागे पळालं. माझ्या सासऱ्यांच्या एका बहिऱ्या मेहुण्यांनी तर पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि मनापासून अभिनंदन केलं. थोडक्यात म्हणजे, माझं लग्न लागण्याच्या बरोबर सत्तावीस मिनिटं आधी माझ्या आत्याचं माझ्या सासऱ्यांशी लग्न लागलं. ही गोष्ट दोन्ही घरांत अजून दर लग्नकार्यात निघते. पुढे सासऱ्यांना आत्याचं नाव काढलं की खोकला यायचा.

मी आतून ऐकत होते. आधी भोंगा, मग हशा, मग एकदम शांतता. मी गौरीहर सोडून दारात आले, सोडायचा नसतो तरी. आतोबा मागून धावत आले. त्यांनी एकदा अंतरपाटाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग खांबापाशी गेले, घड्याळाची काच उघडली, अगदी जवळून आत बघितलं, काच मिटली, घड्याळ उतरवलं आणि उपरण्यात गुंडाळून काखेत घेतलं. सगळा मांडव म्हणत होता, यांच्या त्या इंदूरच्या वेळेने घात केला. माझे वडील काय काय बोलले ते मी लिहीत नाही. आतोबा एवढंच म्हणाले, "मशीन माझी. गलती माझी." आत्याच्या केसांत अजून अक्षता होत्या. तिने त्या झटकल्या आणि म्हणाली, "सोमवारपासून क्लास." आतोबांनी मान हलवली. मला तेव्हा त्या दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली.

अकरा दहा जवळ आले तेव्हा मांडवात आम्ही जेमतेम आठ-दहा जण होतो, बाकीचे जिलब्या खात होते. यंत्र आता कोण लावू देणार? गुरुजींनी साधं पांढरं उपरणं काढलं आणि दोन माणसं मागितली. एक टोक आतोबांनी धरलं. दुसऱ्या टोकाला हात मोकळे असलेले एकटे सुभेदारच होते. गुरुजी घुटमळले. त्या काकू पदर तोंडाला लावून इकडेतिकडे बघू लागल्या. सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ समोर धरलं आणि स्टेशनावर शिट्टी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "एक मिनिट राहिलं. धरा हो सुभेदार." सुभेदारांनी धरलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी, सरकारी, माझं लग्न लागलं. अक्षता संपल्या होत्या म्हणून गुरुजींनी पुण्याहवाचनाच्या तांदळातले चार दाणे टाकले. आतोबा मागाहून म्हणायचे, सरकारी वेळेने जन्मात एक काम चांगलं केलं ते हेच.

खांडव्याला गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी चहा घेताना सासरे म्हणाले, "सूनबाई, माझं गणित बसत नाहीये. तुमच्या आतोबांची वेळ आपल्या मागे असते ना? मग त्यांनी ती लावली असती तर अंतरपाट उशिरा उठायला हवा. हा लवकर कसा उठला? मी पाहिलं होतं, घड्याळ सत्तावीस मिनिटं पुढे होतं." बशीतला चहा निवून गेला. त्यांनी पेन्सिलने वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवलं. आतोबांनी घड्याळ सरकारी वेळेवर लावलं होतं. म्हणजे माझं ऐकलं होतं. आणि मग कोणीतरी ते आणखी सत्तावीस मिनिटं पुढे सारलं होतं.

पहिल्या सणाला माहेरी आले ती थेट मल्हारगंजात. खोली रिकामी, भिंतींना चुना, मध्ये चाक परत बसवलेली मशीन आणि जमिनीवर मापं घेणाऱ्या सात पोरी. आतोबा बाहेर ओट्यावर एका डब्यात पान्हे घेऊन बसलेले. मी सासऱ्यांचं गणित त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "घड्याळ कोणी पुढे केलं? तुम्ही आत बघितलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं. सांगितलं का नाही? खोली गेली ना तुमची." त्यांनी हातातला स्क्रू डब्यात टाकला. मग म्हणाले, "विज्ञानात प्रत्येक गोष्टीला कारण असतं बेटा. पण ते सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असा काही नियम नाही. घरात एकाच माणसाची वेळ चुकलेली बरी. दोघांची चुकली तर मग चालायचं कोणाच्या घड्याळावर?" मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलतात. मग इकडेतिकडे बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि देख, मी सरकारी टाइम लावला होता हे कोणाला बोलू नकोस. मल्हारगंजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी वचन दिलं.

घड्याळ त्यांनी परत इंदूरच्या वेळेवर आणलं आणि क्लासच्या भिंतीवर लावलं. पण उलटं. म्हणजे पाठ आमच्याकडे, तोंड भिंतीकडे. त्यासाठी पुढच्या बाजूने कडी ठोकून घेतली. दर सोमवारी उतरवायचे, कोपऱ्यात अंधारात बसून चावी द्यायचे आणि परत उलटं लटकवायचे. घड्याळाला शिक्षा केली आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. आत्या म्हणायची, रुसलेत, आणि लहान मुलासारखे रुसलेत. पोरी ठोके मोजून वेळ ओळखायच्या. त्यामुळे क्लास पाचला सुटायचा तो साडेपाचला सुटायचा, आणि पोरींचे हात जास्त बसले असं आत्याच कबूल करायची. क्लास वाढला. सातांच्या वीस झाल्या, मशिनी पाच झाल्या, आणि त्या पाची मशिनी आतोबा ओट्यावर बसून दुरुस्त करायचे. एकदा त्यांनी सुईत दोरा ओवायचा एक बारीक तारेचा आकडा करून दिला. ज्यांना चष्मा लागला होता त्या बायकांनी तो आधी घेतला, मग सगळ्यांनी. क्लास शिकून पोरी सासरी गेल्या, देवासला, धारला, रतलामला, आणि जाताना तो आकडा घेऊन गेल्या. एकदा रतलामला माझ्या नणंदेकडे मी तसलाच आकडा पाहिला. म्हटलं, हा कोणाचा? ती म्हणाली, कोणाचा म्हणजे? असतोच तो. मी आतोबांना मुद्दाम पत्र लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं, वर तारीख आणि इंदूर वेळ घालून: "पोचलं म्हणायचं."

आतोबा गेले त्या वर्षी दिवाळीआधी आत्याने खोलीला चुना द्यायला काढला, आणि मी मदतीला गेले. घड्याळ उतरवायचं कोणी? ते गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता, चावी संपून ते केव्हाच थांबलं होतं. मी स्टुलावर चढून काढलं आणि खिडकीशी नेऊन पुसायला सरळ केलं. काचेच्या आत, पांढऱ्या तबकडीवर मिनिटकाट्याचं टोक जिथून फिरतं तिथे, अंगठ्याचा ठसा होता. हळदीचा. इतक्या वर्षांनीही पिवळा. मला क्षणात सगळं कळलं, आणि मी तसंच ते आत्यापुढे धरलं.

आत्याने आधी हात पदराला पुसला. मग हळूच तिने आपला अंगठा काचेवर त्या ठशाच्या वर ठेवला. बरोबर बसला. "त्या दिवशी सकाळी मीच सारला होता काटा," ती म्हणाली, "तू रडत होतीस म्हणून. म्हटलं हे ऐकायचे नाहीत, आपणच सत्तावीस मिळवून टाकावे. आणि तरी यांचं बिघडलं म्हणून मी चिडले." मी तिला सासऱ्यांचं गणित सांगितलं. आतोबांनी माझ्यासाठी आधीच सरकारी वेळ लावली होती हे सांगितलं, म्हणजे त्यांना दिलेलं वचन त्या दिवशी पहिल्यांदा मोडलं. तिने मनाशी बेरीज केली. सगळा जन्म तीच बेरीज करत आली होती, एवढी एकच चुकली. "आत बघितलं तेव्हा त्यांना कळलं असणार," ती म्हणाली, "माझ्या हाताची हळद होती. मला एका शब्दाने बोलले नाहीत गं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मलाही आवरलं नाही. दारात चुनेवाला बादली घेऊन उभा होता, त्याला काय झालं ते कळेना.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आता तरी सरळ लावू या का?" खिडकीतून दुपारचं ऊन तबकडीवर येत होतं. आत्याने घाईघाईने पदर पुढे केला आणि घड्याळ झाकलं.

"नको," ती म्हणाली, "उलटंच लाव. हळद उन्हाने उडते. त्यांना माहीत होतं ते."

चुना वाळल्यावर मी घड्याळ उलटं लावलं. आत्याने आधी त्याला चावी दिली, कोपऱ्यात, पाठमोरी बसून.